नागपूरचे डॉक्टर, प्रांताचे पंतप्रधान

२० जुलै १९३८ रोजी मध्यप्रांत व वऱ्हाडचे पंतप्रधान डॉ. नारायण भास्कर खरे यांनी गव्हर्नर सर फ्रान्सिस वायली यांच्याकडे राजीनामा दिला. (प्रांताच्या मुख्यमंत्र्याला त्या काळी पंतप्रधानच म्हणत.) त्यांच्यासोबत रामराव देशमुख आणि पु. ब. गोळे या दोन मराठी मंत्र्यांनीही राजीनामे दिले. रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि दुर्गाशंकर मेहता या महाकोशलातील तीन हिंदी भाषक मंत्र्यांनी मात्र काँग्रेसच्या वरिष्ठ मंडळाचा आदेश आल्याखेरीज पद सोडण्यास नकार दिला. गव्हर्नरांनी त्यांना बडतर्फ केले आणि दुसऱ्या दिवशी खरे यांच्याच नेतृत्वाखाली नवे मंत्रिमंडळ अधिकारावर आले. ते जेमतेम तीन दिवस टिकले. पण त्या तीन दिवसांत उपस्थित झालेला प्रश्न त्यानंतर या देशातील कोणत्याही मुख्यमंत्र्याला पुरता चुकवता आलेला नाही.

खरे यांचा जन्म १८८४ मध्ये पनवेलचा. वैद्यकीय शिक्षणासाठी ते थेट लाहोरला गेले आणि १९१३ मध्ये त्यांनी पंजाब विद्यापीठाची एम. डी. ही पदवी मिळवली. काही काळ सरकारी नोकरी करून ते नागपुरात स्थायिक झाले आणि तेथे त्यांनी स्वतःचा व्यवसाय सुरू केला. एम. डी. झालेला डॉक्टर त्या काळी नागपुरात दुर्मीळच. नेत्रवैद्य डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे आणि डॉ. केशव बळीराम हेडगेवार हेही त्याच शहरातले. नागपूरच्या राजकारणाचे नेतृत्व त्या काळात मोठ्या प्रमाणावर डॉक्टरांकडे होते, ही गोष्ट सहज नजरेतून सुटते. खरे काँग्रेसमध्ये आले, प्रांतिक विधिमंडळात बसले, ‘तरुण भारत’ हे मराठी साप्ताहिक त्यांनी चालवले आणि पुढे ते मध्यवर्ती कायदेमंडळातही गेले. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसला बहुमत मिळाले, तेव्हा पंतप्रधानपद त्यांच्याकडे आले.

हा प्रांत म्हणजे एक अवघड जोडकाम होते. महाकोशल हा हिंदी भाग मोठा. नागपूर विभाग आणि वऱ्हाड मिळून मराठी जिल्हे आठ. काँग्रेसच्या प्रांतिक समित्याही महाकोशल, नागपूर व विदर्भ अशा तीन. विधिमंडळात बहुसंख्या हिंदी सभासदांची आणि पंतप्रधान मराठी. त्यात १९३८ च्या आरंभी कायदामंत्री महंमद युसूफ शरीफ यांनी बलात्काराच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या एका अधिकाऱ्याची सुटका केल्याचे प्रकरण गाजले आणि त्यांना जावे लागले. मंत्र्यांमधील बेबनाव मिटवण्यासाठी मे महिन्यात पचमढी येथे सरदार पटेल यांच्या उपस्थितीत तडजोड घडवून आणली गेली. ती दोन महिनेही टिकली नाही.

मंत्रिमंडळातील सहकारी आपल्याला जुमानत नसतील, तर राजीनामा देऊन नवे मंत्रिमंडळ बनवणे हा पंतप्रधानाचा अधिकार आहे, ही खरे यांची भूमिका १९३५ च्या कायद्याच्या दृष्टीने चुकीची नव्हती. चूक होती ती मार्गाची. ज्या गव्हर्नरांच्या विशेषाधिकारांविरुद्ध काँग्रेसने वर्षभरापूर्वी एवढा वाद घातला, त्याच गव्हर्नरांच्या हातून स्वपक्षाचे तीन मंत्री बडतर्फ होतात आणि पक्षाचा पंतप्रधान त्याचा लाभ घेतो, हे दृश्य वर्ध्याला जमलेल्या नेत्यांना सहन होणे शक्यच नव्हते. सुभाषचंद्र बोस तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. २३ जुलै रोजी खरे यांना पुन्हा राजीनामा द्यावा लागला. कार्यकारिणीने निषेधाचा ठराव केला, विधिमंडळ पक्षाने रविशंकर शुक्ल यांची निवड केली आणि महिनाअखेर त्यांचे मंत्रिमंडळ आले. वऱ्हाड-नागपुरात याचा अर्थ मराठी माणसावरील अन्याय असा लावला गेला. १ ऑक्टोबर १९३८ रोजी त्याच विधिमंडळाने स्वतंत्र विदर्भ प्रांताच्या मागणीचा ठराव संमत केला.

खरे यांच्या अल्पजीवी मंत्रिमंडळात रा. अग्निभोज हे दलित समाजातील मंत्री होते. या नेमणुकीवर गांधीजींनी आक्षेप घेतला, असा आरोप खरे यांनी जाहीरपणे केला. काँग्रेसने शिस्तीचाच मुद्दा लावून धरला. डॉ. आंबेडकरांनी १९४५ मधील आपल्या पुस्तकात काँग्रेसविरुद्धच्या युक्तिवादात खरे यांच्या या कथनाचा आधार घेतला.

तोपर्यंत हे दोघे एकाच मंडळाचे सभासद झाले होते. १९४३ मध्ये खरे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले आणि परदेशस्थ भारतीयांचे खाते त्यांच्याकडे आले. ‘छोडो भारत’चे नेते तुरुंगात असताना हे पद स्वीकारल्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली, आणि ती अनाठायी नव्हती. तरीही दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांच्या बाबतीत त्यांनी कणखर धोरण धरले. १९४६ मध्ये भारत सरकारने त्या देशाशी असलेला व्यापारी करार मोडला आणि हा प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघाकडे नेला. खरे यांच्या संपूर्ण कारकिर्दीतील सर्वांत भरीव काम हेच.

त्यानंतरचा अध्याय मात्र काळा आहे. एप्रिल १९४७ मध्ये ते अलवर संस्थानचे दिवाण झाले. त्याच वर्षी अलवर आणि शेजारच्या भरतपूरमध्ये मेव मुसलमानांच्या कत्तली झाल्या, हजारो कुटुंबे परागंदा झाली. या हिंसाचारात संस्थानी फौजांचा हात होता, असे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. राज्याचा कारभार ज्याच्या हाती, त्याच्यापासून ही जबाबदारी वेगळी काढता येत नाही. गांधीहत्येनंतर फेब्रुवारी १९४८ मध्ये केंद्राने अलवरचा कारभार आपल्याकडे घेतला आणि खरे यांना पदावरून दूर केले. हत्येच्या खटल्यात ते आरोपी नव्हते.

१९४९ च्या अखेरीस ते हिंदू महासभेचे अध्यक्ष झाले. पुढच्याच वर्षी त्यांना दिल्लीतून तडीपार करण्यात आले. राज्यघटना लागू होऊन काही महिनेच झाले होते. खरे सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तीन विरुद्ध दोन अशा मतांनी हरले. संचारस्वातंत्र्याच्या कलमावरील हा सुरुवातीच्या निकालांपैकी एक. कायद्याच्या विद्यार्थ्यांना खरे हे नाव आजही माहीत असते ते त्यामुळे. १९५२ च्या पोटनिवडणुकीत ग्वाल्हेरमधून ते लोकसभेवर निवडून आले. १९५७ मध्ये राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीला आव्हान देत ते पुन्हा त्याच न्यायालयात उभे राहिले. निवडणूक पूर्ण होण्याआधी असा वाद ऐकता येणार नाही, असे सांगून न्यायालयाने अर्ज फेटाळला. निवडणूक झाल्यावर त्यांनी आणखी एकदा प्रयत्न केला. तोही निष्फळ ठरला.

१९५९ मध्ये त्यांनी इंग्रजीतून राजकीय आठवणी प्रसिद्ध केल्या. तोवर आठ मराठी जिल्हे मध्य प्रदेशातून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यात आले होते आणि ज्या प्रांताचे पंतप्रधानपद त्यांनी गमावले, तो प्रांतच नकाशावर उरला नव्हता.