वेधवेडा राजा : सवाई जयसिंह

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या महाविद्यालयाच्या गच्चीवर एका प्राध्यापकांनी संगणकी दुर्बीण आणून मांडली होती. या दुर्बिणीला गावाचे नाव व वेळ सांगायची, एखादा ओळखीचा तारा दाखवून द्यायचा. मग शनी म्हणा, गुरू म्हणा, नळी आपणहून त्याच्याकडे वळते. यंत्राच्या यादीत गोंदिया नव्हते, म्हणून आम्ही नागपूर निवडले. तिपाईची पातळी नजरेनेच जुळवली. पश्चिमेकडचा अभिजित दाखवला आणि शनीची आज्ञा केली. नळी घरघरत वळली, थांबली, आणि आत पाहावे तो नुसता काळोख! शनी मात्र नुसत्या डोळ्यांना जरा बाजूला स्वच्छ दिसत होता.

मित्र हसले. मी इतिहासाचा विद्यार्थी. मला यंत्रातले फारसे कळत नाही. पण त्या वेळी मला जो माणूस आठवला तो राजा होता, आणि त्याने आपले अर्धे आयुष्य याच एका प्रश्नावर घालवले होते : आकाशातली वस्तू नेमकी कोठे आहे, आणि आपले यंत्र नेमके कोठे पाहते आहे?

सवाई जयसिंहाचा जन्म 1688 सालचा, आमेरचा. वडील बिशनसिंह वारले तेव्हा तो अवघा अकरा वर्षांचा होता. गादीवर बसला न बसला तोच औरंगजेबाने त्याला दक्षिणेत बोलावून घेतले आणि 1702 साली, वयाच्या तेराव्या वर्षी, तो आपल्या विशाळगडाच्या वेढ्यात मोगलांच्या बाजूने लढत होता. म्हणजे मराठ्यांची आणि त्याची पहिली ओळख तलवारीचीच. पुढे माळव्याची सुभेदारी करताना 1733 साली मंदसोरजवळ त्याला होळकर-शिंद्यांपुढे नमते घ्यावे लागले. आणि तरीही 1735 साली बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई उत्तरेच्या यात्रेला गेल्या तेव्हा याच जयसिंहाने त्यांचा मोठा सत्कार केला. त्याचे राजकारण सरळ नव्हते. त्याविषयी बखरकारांनी व इतिहासकारांनी पुष्कळ लिहिले आहे. मला इथे त्याच्या दुसऱ्या वेडाविषयी सांगायचे आहे.

पंचांगातली ग्रहस्थिती आणि आकाशातली ग्रहस्थिती यांचा मेळ बसत नाही, हे त्याच्या तरुणपणीच लक्षात आले होते. आता हा दोष गणिताचा की वेध घेणाऱ्या यंत्राचा? गणित तपासायचे तर वेध खात्रीचा हवा. म्हणून त्याने प्रथम जुन्या ग्रंथांतल्याप्रमाणे पितळेची यंत्रे करवून घेतली. त्यांतून वेध घेतले आणि तो असमाधानी झाला. त्याने जी कारणे काढली ती फार मोलाची आहेत. यंत्र लहान, त्यामुळे अंशाच्या खाली कलांच्या खुणा नीट कोरता येत नाहीत. आस झिजतो आणि डळमळू लागतो. वर्तुळाचा मध्य आपल्या जागेवरून सरकतो. आणि यंत्र ज्या प्रतलात असायला हवे त्यातून ते हळूच कलते. चारही दोष यंत्राचे आहेत, ताऱ्यांचा त्यात काही अपराध नाही.

यावर त्याने केलेला उपाय राजालाच परवडणारा होता. जे हलते ते झिजते. तेव्हा यंत्र हलूच नये! 1724 च्या सुमारास दिल्लीत, आणि पुढे 1727 साली वसवलेल्या आपल्या नव्या जयपुरात त्याने दगडचुन्याची प्रचंड यंत्रे उभारली. एकाच ठिकाणच्या वेधावर विसंबू नये म्हणून उज्जैन, मथुरा आणि काशी येथेही वेधशाळा बांधल्या.

जयपूरचे सम्राट यंत्र सुमारे 27 मीटर उंच आहे. काटकोन त्रिकोणाच्या आकाराची एक भिंत, तिची उतरती कड थेट उत्तर ध्रुवाकडे रोखलेली, आणि दोन्ही बाजूंना संगमरवरी कमानींवर कोरलेल्या खुणा. कडेचा कोन त्या गावाच्या अक्षांशाइतका, जयपूरला सुमारे 27 अंश. (हेच यंत्र गोंदियात बांधायचे झाले तर भिंत बरीच आडवी करावी लागेल, आपला अक्षांश साडेएकवीसच्या आसपास आहे.) कमानीची त्रिज्या पंधरा मीटरांवर असल्याने सावली सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर सरकते. उभे राहून पाहिले तर काळ डोळ्यांदेखत चालताना दिसतो. कोरलेल्या सर्वांत बारीक खुणा दोन सेकंदांच्या आहेत.

पण इथेच एक अडचण आहे. सूर्य हा बिंदू नव्हे. त्याचे बिंब अर्ध्या अंशाचे. त्यामुळे सावलीची कड कधीच धारदार पडत नाही; दहाबारा सेंटिमीटरांचा पुसट पट्टा पडतो. त्या पट्ट्याचा मध्य शोधायला बारीक दोरा धरावा लागतो आणि सरावलेला डोळा लागतो. दगड कितीही मोठा केला तरी हा पट्टाही त्याच प्रमाणात मोठा होतो.

या साऱ्या वेधांच्या आधारे फारसीत 'झीज-इ-मुहम्मदशाही' हा ग्रंथ सिद्ध झाला. (झीज म्हणजे ग्रहांच्या कोष्टकांचा ग्रंथ, मघाशी आली ती आसाची झीज निराळी!) जयसिंहाच्या पदरी पंडित जगन्नाथ सम्राट होते, त्यांनी टॉलेमी व युक्लिड यांचे ग्रंथ अरबीतून संस्कृतात आणले. तेवढ्यावर न थांबता राजाने फादर फिगेरेदो यांच्याबरोबर पोर्तुगालला माणसे पाठवली. त्यांनी आणलेली फ्रेंच ज्योतिषी ला हीर याची कोष्टके त्याने आकाशाशी ताडून पाहिली, आणि चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाची चूक काढली. अर्धा अंश म्हणजे चंद्राची स्वतःची रुंदी!

एवढे असून मला त्याच्याविषयी एक हळहळ वाटते. त्याच्याकडे दुर्बिणी होत्या. गुरूचे चंद्र, शुक्राच्या कला त्याला ठाऊक होत्या. शनी त्याला लांबट दिसला होता. पण दुर्बीण ही बघायची वस्तू आणि दगडी यंत्र ही मोजायची, अशी त्याच्या मनात फारकत राहिली. युरोपात मोजणीच्या वर्तुळावर दुर्बीण बसवून तिच्यात आडवीउभी तार लावण्याला तेव्हा साठ वर्षे उलटून गेली होती. जयपुरात त्या दोहोंचे लग्न लागलेच नाही. त्याची ताऱ्यांची यादीही मुख्यतः समरकंदच्या उलुगबेगची, अयनचलनाचे चार अंशांहून थोडे अधिक मिळवून पुढे आणलेली. यंत्रातला दोष मोजून तो गणितातून वजा करावा, म्हणजे लहान यंत्रही खरे बोलते, ही पुढच्या शतकातल्या जर्मन ज्योतिषी बेसेल याची वाट त्याला सापडली नाही. तो चुकीशी दगडाने लढला. आमचे काही प्राध्यापक याला अपयश म्हणतील. मला मात्र त्या चार कारणांची नोंद करणारा माणूस कोणत्याही दुर्बिणीहून मोठा वाटतो.

1743 साली तो वारला आणि वेधशाळा ओस पडल्या. मथुरेची तर नामशेष झाली. जयपूरची 1901 च्या सुमारास दुरुस्त झाली. त्या कामात इंग्रज अधिकारी गॅरेट यांना साहाय्य करणारे चंद्रधर शर्मा गुलेरी हेच पुढे हिंदीतले नामांकित कथाकार झाले, हे आपल्या हिंदी विभागाला सांगायला हवे. उज्जैनची वेधशाळा 1923 साली माधवराव शिंद्यांनी पुन्हा उभी केली, आणि तेथील यंत्रे वेधाला योग्य करून घेण्याचे काम गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिर्विदांनी पाहिले. ज्या शिंद्यांनी जयसिंहाला मंदसोरला नमवले, त्यांच्याच घराण्याने त्याची यंत्रे वाचवली.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी आम्ही पुन्हा गच्चीवर गेलो. या खेपेस जयसिंहाची यादी माझ्या वहीत होती. नागपूर काढून गोंदियाचे अक्षांश-रेखांश घातले. दोन गावांच्या रेखांशांतच एक अंशाहून अधिक अंतर आहे, आणि आदल्या दिवशी आम्ही एकाच ताऱ्यावर भिस्त ठेवली होती. पाणसळ लावून तिपाई सपाट केली. मोबाइलवरची वेळ सेकंदासह भरली. एकट्या अभिजितावर न विसंबता दक्षिणेचा मीनास्यही दाखवला, कारण दोन लांबलांबचे तारे मिळाले की यंत्राला आपला कल कळतो. दाते झिजून ढिले असतील तर दर वेळी एकाच बाजूने ताऱ्यावर यावे, असे प्राध्यापकांनी सांगितले, तेही केले.

नळी घरघरत वळली आणि थांबली. शनी मध्यावर नव्हता, डाव्या कडेला होता, पण आत होता. आमच्यामागे शिपाईकाका उभे होते. आधी त्यांना पाहू दिले.