रेड बॅरन : ज्याचे फोटो पोस्टकार्डवर छापून विकले गेले, त्या जर्मन पायलटची गोष्ट

आज पोरं क्रिकेटरचे फोटो मोबाईलवर ठेवतात. शंभर वर्षांपूर्वी, पहिल्या महायुद्धाच्या काळात, जर्मनीत लढाऊ पायलटांचे फोटो असेच जमवले जायचे. बर्लिनचा प्रकाशक विली सांके हे फोटो नंबर टाकलेल्या पोस्टकार्डवर छापून विकायचा. ही कार्डं आजही लिलावात येतात. त्यातला सगळ्यात गाजलेला चेहरा म्हणजे मानफ्रेड फॉन रिश्टहोफेन, म्हणजेच रेड बॅरन.

त्याचा जन्म २ मे १८९२ चा, ब्रेस्लाऊ शहराजवळचा. हे शहर आता पोलंडमध्ये आहे. घराणं सरदारांचं. अकराव्या वर्षी त्याला लष्करी शाळेत घातलं आणि पुढे तो घोडदळात अधिकारी झाला.

१९१४ मध्ये युद्ध पेटलं. पण खंदक, काटेरी तारा आणि मशीनगन यांच्यापुढे घोड्यांचं काही चालेना. कंटाळून त्यानं १९१५ मध्ये विमानदलात बदली मागून घेतली. पहिल्यांदा एकट्यानं विमान उडवलं, तेव्हा उतरताना ते आपटलं.

पण १७ सप्टेंबर १९१६ ला त्यानं शत्रूचं पहिलं विमान पाडलं. जानेवारी १९१७ पर्यंत आकडा १६ वर गेला आणि जर्मनीचं मानाचं पदक ‘पूर ल मेरित’ त्याच्या गळ्यात पडलं. पोस्टकार्डवर दिसतं ते हेच. त्यानं आपलं विमान लाल रंगवलं आणि एकट्या एप्रिल १९१७ मध्ये २१ विमानं पाडली. प्रत्येक विजयानंतर तो चांदीचा छोटा पेला बनवून घ्यायचा. ६० पेले झाले आणि मग युद्धामुळे चांदीच मिळेनाशी झाली.

आता प्रश्न पडतो, पायलटच एवढे हिरो का झाले?

कारण १९१६ मध्ये व्हर्दुन आणि सोमच्या लढायांत लाखो माणसं मेली किंवा जखमी झाली, तरी आघाडी फारशी हलली नव्हती. घरी बसलेल्या लोकांना दाखवायला विजय हवा होता आणि त्या विजयाला चेहरा हवा होता. खंदकातल्या गर्दीत तो सापडत नव्हता, आकाशात सापडला. १९१७ मध्ये रिश्टहोफेनचं आत्मचरित्रही बाजारात आलं.

मात्र ६ जुलै १९१७ ला त्याच्या डोक्याला गोळी लागली. काही क्षण दिसेनासं झालं, तरी त्यानं विमान उतरवलं. जखम पूर्ण भरायच्या आधीच तो पुन्हा उडू लागला. डोकेदुखी आणि मळमळ मागे लागली. आत्मचरित्रातला रुबाब आता आपल्याला परका वाटतो आणि प्रत्येक लढाईनंतर मन खचतं, असं त्यानं नंतर लिहून ठेवलं. जमिनीवरचं सुरक्षित काम घेण्याचा सल्ला मात्र त्यानं ऐकला नाही. खंदकातल्या शिपायाला अशी सूट मिळत नाही, हे त्याचं कारण.

२१ एप्रिल १९१८ ला सोम नदीजवळ एका विमानाचा पाठलाग करताना तो शत्रूच्या हद्दीत फार खाली आला. एकच गोळी लागली आणि तो संपला. वय २५, पाडलेली विमानं ८०. श्रेय कॅनडाच्या रॉय ब्राऊनला मिळालं, पण गोळी जमिनीवरून सुटली होती, असं आज अनेक अभ्यासक मानतात. ऑस्ट्रेलियन सैनिकांनी त्याला लष्करी इतमामात पुरलं. त्या अंत्यविधीचा फोटो विमानातून जर्मन हद्दीत टाकण्यात आला.

दोनच महिन्यांनी, २७ जून १९१८ ला, मुंबईचा श्रीकृष्ण वेलिणकर याच युद्धात फ्रान्सच्या आकाशात गेला आणि परतलाच नाही. केंब्रिजमध्ये शिकलेला हा तरुण ब्रिटनच्या हवाई दलात लढाऊ पायलट होता. ३० जूनला त्याचा मृत्यू झाला. त्याची कबर सोम भागातल्या हँगार्ड गावात आहे.

पोस्टकार्डवरचा रिश्टहोफेन आजही गळ्यात पदक घालून ताठ बसलेला दिसतो. त्याच्या नावावरच्या ८० विमानांत त्याच्याच वयाची पोरं होती. ती या कार्डावर कुठेच नाहीत.