हिरोचा चेहरा बाजूला सारून सिनेमे विकून दाखवणारा सॉल बास, ज्याची पोस्टर्स आज डीव्हीडीची कव्हर्स झाली आहेत

जुना क्लासिक सिनेमा नव्याने डीव्हीडी किंवा ब्लू-रेवर आणायचं ठरलं की कंपनीसमोर एक प्रश्न हमखास येतो. कव्हरवर छापायचं काय?

सोपा मार्ग ठरलेला असतो. हिरो-हिरोईनचा मोठा फोटो टाकायचा आणि खाली नाव. दुसरा मार्ग म्हणजे सिनेमा पहिल्यांदा थिएटरला लागला तेव्हाचं पोस्टरच कव्हरवर आणायचं. १९५० आणि ६० च्या दशकातल्या हॉलिवूड सिनेमांच्या बाबतीत हा दुसरा मार्ग घेतला, की एक नाव हटकून समोर येतं. सॉल बास.

गंमत म्हणजे या माणसाला डीव्हीडी बघायलाच मिळाली नाही. तो गेला एप्रिल १९९६ मध्ये आणि पहिले डीव्हीडी प्लेयर जपानच्या बाजारात आले त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये.

सॉल बासचा जन्म ८ मे १९२० चा, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातला. आईवडील पूर्व युरोपातून आलेले ज्यू. लहानपणापासून चित्रं काढायचा नाद होता. पुढे नोकरी सांभाळून तो ब्रुकलिन कॉलेजच्या रात्रीच्या वर्गाला जायला लागला. तिथे त्याला ग्यॉर्गी केपेश नावाचे हंगेरियन शिक्षक भेटले. युरोपातली आधुनिक डिझाईनची विचारसरणी बासला त्यांच्याकडून मिळाली. जे नसलं तरी चालेल ते काढून टाकायचं, हा त्यातला मुख्य धडा.

पोटापाण्यासाठी मात्र तो सिनेमाच्या जाहिराती करत होता आणि त्या या धड्याच्या बरोबर उलट असायच्या. हिरोचा चेहरा, हिरोईनचा चेहरा, एक चुंबन, एक बंदूक, मागे आग आणि उरलेल्या जागेत नावं. कुणाला काय आवडेल सांगता येत नाही, म्हणून सगळंच एका पोस्टरवर कोंबायचं.

१९४६ मध्ये बास लॉस एंजेलिसला आला आणि काही वर्षांत त्याने स्वतःचं ऑफिस थाटलं. तिथे त्याची गाठ दिग्दर्शक ओटो प्रेमिंजरशी पडली. १९५४ च्या 'कार्मेन जोन्स'साठी बासने ज्वाळेतलं गुलाबाचं फूल काढलं. ते प्रेमिंजरला इतकं आवडलं, की सिनेमाच्या सुरुवातीची नामावलीही त्याने बासकडूनच करून घेतली.

खरा धमाका झाला पुढच्या वर्षी. 'द मॅन विथ द गोल्डन आर्म' हा हेरॉईनच्या विळख्यात सापडलेल्या माणसाचा सिनेमा. त्या काळात हॉलिवूडमध्ये हा विषयच वर्ज्य होता, त्यामुळे सिनेमाला इंडस्ट्रीच्या सेन्सॉरची मंजुरीही मिळाली नाही. हिरो होता फ्रँक सिनात्रा. एवढा मोठा स्टार हाताशी असताना बासने पोस्टरच्या मध्यभागी काय ठेवलं, तर कागदातून कापल्यासारखा एक वेडावाकडा काळा हात. सिनात्रा आणि किम नोव्हाकचे फोटो होते, पण बाजूच्या चौकटीत.

न्यूयॉर्कमध्ये थिएटरच्या दर्शनी भागावर सिनेमाचं नावसुद्धा न लिहिता फक्त हा हात लावला गेला. लोकांनी तो ओळखला.

त्या काळी नामावली सुरू असताना थिएटरचा पडदा बंदच असायचा आणि लोक पॉपकॉर्न आणायला जायचे. असं सांगतात की प्रेमिंजरने रिळांच्या डब्यांवर सूचना लिहून पाठवली होती, नामावलीच्या आधी पडदा उघडा. कारण बासने तोच हात पडद्यावर हलता केला होता.

त्यानंतर कामांची रांग लागली. १९५८ मध्ये आल्फ्रेड हिचकॉकच्या 'व्हर्टिगो'साठी नारिंगी पोस्टरवर पांढरी भोवऱ्यासारखी वर्तुळं आली. १९५९ मध्ये प्रेमिंजरच्या 'अ‍ॅनाटॉमी ऑफ अ मर्डर'साठी तुकड्यांत कापलेली माणसाची काळी आकृती आली. सिनेमा खुनाच्या खटल्याचा आणि नावात शवविच्छेदन. दोन्ही गोष्टी एका चित्रात बसल्या.

१९६० च्या 'सायको'मध्ये बासने नामावली तर केलीच, शिवाय गाजलेल्या शॉवरच्या सीनचा एकेक शॉट चित्रांतून आखून दिला. पुढे हा सीन आपणच शूट केला असा दावा त्याने केला आणि मोठा वाद झाला. सीनमधली अभिनेत्री जॅनेट ली हिने तो दावा खोडून काढला. दिग्दर्शन हिचकॉकचंच होतं, पण सीनच्या आखणीत बासचा वाटा होता, हे आज मान्य केलं जातं.

श्रेयाचा आणखी एक मुद्दा त्याच्या घरातच होता. १९५० च्या दशकात एलेन मकाटुरा त्याच्या ऑफिसात कामाला आली. १९६१ मध्ये दोघांनी लग्न केलं. पुढच्या कित्येक नामावल्या दोघांनी मिळून केल्या, पण लोकांच्या तोंडी नाव राहिलं ते सॉलचंच.

सिनेमाबाहेर त्याने कंपन्यांचे लोगो केले. एटी अँड टीचा गोल आणि युनायटेड एअरलाइन्सचं जुनं चिन्ह ही त्याचीच कामं. १९६८ च्या 'व्हाय मॅन क्रिएट्स' या लघुपटाला ऑस्कर मिळालं. आता त्याला पूर्ण लांबीचा सिनेमा दिग्दर्शित करायचा होता.

तो सिनेमा १९७४ मध्ये आला, 'फेज फोर'. माणसांशी झुंजणाऱ्या हुशार मुंग्यांची गोष्ट. बासने त्याचा शेवट स्वप्नासारख्या विचित्र दृश्यांचा केला होता. पॅरामाउंट स्टुडिओने तो शेवट कापला. इतरांच्या सिनेमांची पोस्टर्स करून नाव कमावलेल्या माणसाच्या स्वतःच्या सिनेमाचं पोस्टरही त्याचं नव्हतं. तळव्यातून बाहेर येणारी मुंगी दाखवून सिनेमा स्वस्तातला भयपट म्हणून विकला गेला. तो आपटला आणि बासने पुन्हा मोठा सिनेमा दिग्दर्शित केला नाही.

१९८० मध्ये स्टॅनली क्युब्रिकच्या 'द शायनिंग'चं पोस्टर त्याने केलं. क्युब्रिकने एकामागून एक स्केच नाकारलं. शेवटी पिवळ्या पोस्टरवर, नावाच्या अक्षरांत दडलेला ठिपक्यांचा घाबरलेला चेहरा पास झाला.

उतारवयात मार्टिन स्कॉर्सेसीने त्याला पुन्हा बोलावलं. 'गुडफेलाज', 'केप फिअर', 'द एज ऑफ इनोसन्स' आणि 'कसिनो' या चारही सिनेमांच्या नामावल्यांचं काम सॉल आणि एलेनने केलं. २५ एप्रिल १९९६ ला कॅन्सरने त्याचं निधन झालं.

पण कव्हरची लढाई त्याच्यामागे सुरूच राहिली. 'गोल्डन आर्म'चा अमेरिकेतला कॉपीराइट संपल्यामुळे तो कुणीही काढू शकत होतं. मग स्वस्तातल्या कॅसेट्स आणि डीव्हीडींचा सुळसुळाट झाला. काहींवर बासचा हात होता, तर काहींवर सिनात्राचा चेहरा. दुसरीकडे क्रायटेरियनने २०१२ मध्ये 'अ‍ॅनाटॉमी ऑफ अ मर्डर' नव्याने काढला, तेव्हा कव्हरवर तीच कापलेली आकृती ठेवली.

यामागे फक्त जुन्याचं प्रेम नाही. थिएटरचं पोस्टर माणसाएवढं असतं आणि डीव्हीडीचं कव्हर तळहाताएवढं. गर्दीने भरलेलं पोस्टर लहान केलं की सगळा चिखल होतो. एकच आकार असलेलं चित्र कितीही लहान केलं तरी ओळखू येतं. आज मोबाईलवरच्या नखाएवढ्या थंबनेललाही हाच नियम लागू होतो. बासने ही चित्रं केली तेव्हा घरी सिनेमा विकत आणून बघण्याची सोयच नव्हती.

'फेज फोर'चं काय झालं? कापलेला शेवट २०१२ मध्ये सापडला आणि लॉस एंजेलिसमध्ये दाखवला गेला. पुढे तो ब्लू-रेवरही आला. स्टुडिओने नाकारलेला सिनेमा घरी बसून, बासला हवा होता तसा संपताना बघता येतो. फक्त तो बघायला बास नाही.