महाबळेश्वरच्या वटवाघळाला फ्रेंच नाव कसे? निपाहशी काय संबंध?

वनस्पतिशास्त्रज्ञ जाँ-बाप्टिस्ट लेशनो १७७३ मध्ये फ्रान्समध्ये जन्मले. ऑस्ट्रेलिया, जावा पालथे घालून १८१६ मध्ये ते पाँडिचेरीला आले. १८२० मध्ये फळे खाणाऱ्या एका वटवाघळाला त्यांचे नाव मिळाले. १८२६ मध्ये त्यांचे निधन झाले.

याच जातीच्या, मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेत पकडलेल्या वटवाघळांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला निपाहविरोधी प्रतिपिंडे आढळली.

पेशीतून बाहेर पडताना निपाह तिच्या पटलातील मेदाचे आवरण पांघरतो. आवरणावरची प्रथिने पुढच्या पेशीच्या ग्राही प्रथिनाला चिकटतात. साबणाने हेच आवरण फुटते. म्हणून वटवाघळांनी उष्टावलेली फळे टाळा, हात साबणाने धुवा.