साखरेचा माग काढणारी गर्टी कोरी

दुपारचे जेवण होऊन पाच-सहा तास उलटले तरी आपले हातपाय चालतात. त्यासाठी लागणारी साखर शरीर आणते कोठून? या प्रश्नापायी आयुष्य वेचणाऱ्या डॉ. गर्टी कोरी यांची ओळख आज आम्ही वाचकांना करून देत आहोत.

गर्टींचा जन्म १८९६ साली प्राग येथे झाला. १९२० साली त्या डॉक्टर झाल्या आणि त्याच वर्षी सहाध्यायी कार्ल कोरी यांच्याशी विवाहबद्ध झाल्या. युद्धानंतर युरोपात हलाखी होती. १९२२ साली दोघे अमेरिकेत बफेलोला आले.

तेथे दोघांनी मिळून काढलेला निष्कर्ष १९२९ साली मांडला. जेवणातून आलेली जादा साखर, म्हणजे ग्लुकोज, यकृत आणि स्नायू ग्लायकोजेनच्या रूपात साठवतात. स्नायू जोराने कामाला लागले की त्या साठ्यातून लॅक्टिक आम्ल बनते. ते वाया जात नाही. रक्तावाटे यकृतात जाऊन त्याचे पुन्हा ग्लुकोज होते आणि ते स्नायूंकडे परतते. हेच कोरी चक्र.

संशोधन जोडीचे, पण नोकरी देणाऱ्यांना हवे होते एकटे कार्ल. एका विद्यापीठाने पत्नीबरोबर काम न करण्याची अट घातली. तुम्ही पतीच्या उत्कर्षाच्या आड येत आहात, असे गर्टींना सुनावण्यात आले. कार्लनी ती जागा नाकारली. १९३१ साली सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाने दोघांनाही घेतले. कार्ल विभागप्रमुख झाले. गर्टी मात्र नाममात्र वेतनावर संशोधन-सहायक! प्राध्यापकपदासाठी त्यांना १९४७ पर्यंत थांबावे लागले. त्याच वर्षी कार्ल आणि अर्जेंटिनाचे बर्नार्डो उसे यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. वैद्यकातील हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

पण त्याच वर्षी त्यांना अस्थिमज्जेचा असाध्य विकार जडल्याचे कळले. वरचेवर रक्त घ्यावे लागे, तरी प्रयोगशाळा सुटली नाही. काही बालकांचे यकृत ग्लायकोजेनने फुगते, पण रक्तात साखर पुरत नाही. यकृतातील साखर मोकळी करणारे एक विकरच त्यांच्यात नसते, हे कोरी दांपत्याने १९५२ साली दाखवले. उपजत रोगाचे मूळ एका विकराच्या अभावात सापडण्याचे हे एक आरंभीचे उदाहरण.

१९५७ साली गर्टी निवर्तल्या. परक्या देशात योग्य हुद्द्यावाचून कित्येक वर्षे त्यांनी काम केले, आणि त्या कामाला आज जग त्यांच्या नावाने ओळखते. आम्हांला त्यांच्या चरित्रात हेच मोलाचे वाटते.