सागरावरील वाटाड्या : मॅथ्यू फाँटेन मॉरी

जमिनीवरून प्रवास करणाऱ्यास पावलोपावलीं कांहीं ना कांहीं खूण सांपडते. कोठें शेताचा बांध, कोठें मैलाचा दगड, तर कोठें वडाचें जुनें झाड. भर समुद्रांत यांपैकीं कांहींच नसतें. मग इतक्या अफाट पाण्यावर दोन जहाजें एकमेकांवर आदळावीं तरी कशीं, असा प्रश्न आमच्या बालवाचकांस पडेल. उत्तर सोपें आहे. जेथें वाट नाहीं तेथें जो तो आपल्या मर्जीनें जातो. आणि धुकें पडलें म्हणजे महासागरही अरुंद बोळासारखा होतो. या वाट नसलेल्या प्रदेशांत ज्या पुरुषानें वाटा आंखून दिल्या, त्याचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

मॅथ्यू फाँटेन मॉरी याचा जन्म १४ जानेवारी १८०६ रोजीं अमेरिकेंतील व्हर्जिनिया संस्थानांत एका शेतकऱ्याच्या घरीं झाला. पुढें हें कुटुंब टेनेसी संस्थानांत राहावयास गेलें. मॅथ्यू बारा वर्षांचा असतां झाडावरून पडला व त्याच्या पाठीस जबर दुखापत झाली. शेतांतील कष्ट यास झेपणार नाहींत असें पाहून वडिलांनीं त्यास शाळेंत घातलें. अशा रीतीनें जें संकट म्हणून आलें, तेंच विद्येचें द्वार ठरलें. थोरला भाऊ आरमारांत होता. तो पीतज्वरानें वारला. म्हणून दुसऱ्या मुलानें समुद्राचें नांव काढूं नये असें वडिलांस वाटे. तरी १८२५ सालीं मॅथ्यू आरमारांत उमेदवार म्हणून दाखल झाला, आणि व्हिन्सेन्स नांवाच्या युद्धनौकेवरून पृथ्वीप्रदक्षिणा करून १८३० सालीं परत आला.

१८३९ सालीं प्रवासी घोडागाडी उलटून मॉरी यांचा पाय मोडला व ते कायमचे लंगडे झाले. जहाजावरील नोकरी संपल्यासारखीच झाली. १८४२ सालीं त्यांची नेमणूक वॉशिंग्टन येथील आरमाराच्या नकाशांच्या कोठारावर झाली. तेथें जुन्या जहाजांच्या रोजनिशांचे ढीग धूळ खात पडले होते. कोणत्या दिवशीं कोठें कोणता वारा होता, प्रवाह कोणीकडे वाहत होता, हें प्रत्येक कप्तानानें त्यांत लिहून ठेविलें होतें. इतरांना जी रद्दी वाटली, तींत मॉरी यांना खजिना दिसला. हजारों नोंदी पडताळून त्यांनीं १८४७ पासून वारे व प्रवाह यांचे नकाशे छापण्यास आरंभ केला. जो कप्तान आपल्या सफरीच्या नोंदी पाठवील त्यास नकाशे फुकट मिळत. न्यूयॉर्कहून दक्षिण अमेरिकेच्या टोकास वळसा घालून सॅन फ्रान्सिस्कोस जाण्यास शिडाच्या जहाजांना सरासरी सहा महिने लागत. या नकाशांच्या मदतीनें तो प्रवास सुमारें साडेचार महिन्यांवर आला. १८५३ सालीं मॉरी यांच्याच खटपटीनें ब्रसेल्स येथें दहा राष्ट्रांची परिषद भरली, आणि सर्वांनीं एकाच पद्धतीनें नोंदी ठेवाव्या असें ठरलें.

यानंतर लौकरच एक भयंकर अपघात घडला. २७ सप्टेंबर १८५४ रोजीं लिव्हरपूलहून न्यूयॉर्कला निघालेली आर्क्टिक नांवाची मोठी आगबोट न्यूफाउंडलंडजवळच्या दाट धुक्यांतून पूर्ण वेगानें जात होती. समोरून व्हेस्टा ही लहान फ्रेंच आगबोट आली व दोघींची टक्कर झाली. व्हेस्टा कशीबशी बंदरास लागली. आर्क्टिक मात्र कांहीं तासांत बुडाली. होड्या थोड्या होत्या, आणि त्यांतील पुष्कळशा जागा खलाशांनींच बळकावल्या. सुमारें ३०० माणसें मरण पावलीं. आर्क्टिकवरील स्त्रिया व मुलें यांपैकीं एकही जीव वांचला नाहीं.

या घटनेनें सारी अमेरिका हादरली. मॉरी यांनीं पुन्हां आपल्या रोजनिशा उघडल्या, आणि १८५५ सालीं अटलांटिक महासागरावर आगबोटींसाठीं दोन पट्टे आंखून दाखविले. प्रत्येक पट्टा सुमारें वीस-पंचवीस मैल रुंद होता. अमेरिकेकडे जाणाऱ्यांनीं उत्तरेकडील पट्ट्यानें जावें व युरोपकडे येणाऱ्यांनीं दक्षिणेकडील पट्ट्यानें यावें. येणारा व जाणारा यांची गांठच पडली नाहीं, तर टक्कर होणार कशी? कल्पना इतकी साधी होती. पण त्या वेळीं कोणावरही सक्ती नव्हती. पुढें १८९८ सालीं अटलांटिकवरील मोठमोठ्या आगबोट कंपन्यांनीं ठराविक मार्गांनींच जाण्याचा करार केला. १९६७ सालीं इंग्लंड व फ्रान्स यांमधील डोव्हरच्या सामुद्रधुनींत असे अलग मार्ग आंखण्यांत आले. १९७२ सालीं सर्व राष्ट्रांकरितां टक्कर टाळण्याचे जे नियम ठरले व १९७७ पासून अंमलांत आले, त्यांतील दहावा नियम अशाच अलग मार्गांविषयीं आहे. समोरासमोर आलेल्या आगबोटींनीं आपापल्या उजवीकडे वळावें, रात्रीं डाव्या बाजूस तांबडा व उजव्या बाजूस हिरवा दिवा ठेवावा, धुक्यांत वेग आवरावा व भोंगा वाजवावा, हेही नियम त्यांत आहेत. बंदरांत रात्रीं उभे राहिल्यास हे रंगीत दिवे आमच्या वाचकांसही पाहावयास मिळतील.

येथवरची हकीकत लिहितांना आम्हांस आनंद वाटला. पुढील भाग लिहितांना तसा वाटत नाहीं. परंतु चरित्र लिहावयाचें तर तें पुरतें लिहिलें पाहिजे. १८६१ सालीं गुलामगिरी राखूं पाहणारीं दक्षिणेकडील संस्थानें अमेरिकेच्या संघापासून फुटलीं. व्हर्जिनियाही त्यांस मिळालें. तेव्हां मॉरी यांनीं आरमाराचा राजीनामा देऊन दक्षिणेचा पक्ष धरिला. तेथें त्यांनीं विजेच्या तारेनें उडवितां येणारे पाण्यांतील सुरुंग तयार करण्याचें काम हातीं घेतलें. दक्षिणेच्या अशा सुरुंगांनीं उत्तरेचीं अनेक जहाजें बुडविलीं. ज्या हातानें जहाजांना सुरक्षित वाट दाखविली, त्याच हातानें त्यांच्या वाटेंत मृत्यु पेरला. आणि तोही मनुष्यांस दास्यांत ठेवूं पाहणाऱ्या पक्षासाठीं.

युद्ध दक्षिणेनें गमावलें. मॉरी मेक्सिको व इंग्लंड येथें कांहीं काळ काढून १८६८ सालीं व्हर्जिनियास परतले. तेथील लेक्सिंग्टन गांवच्या लष्करी विद्यालयांत त्यांनीं अध्यापकाचें काम पत्करिलें. १ फेब्रुवारी १८७३ रोजीं तेथेंच त्यांचा अंत झाला. रिचमंड शहरांत १९२९ सालीं त्यांचा पुतळा उभारण्यांत आला, व २०२० सालीं तो हलविण्यांत आला. त्यांनीं सुचविलेल्या अलग मार्गांच्या पद्धतीनें मात्र आजही जहाजें जातात येतात.

विद्यार्थिमित्रहो, या चरित्रापासून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. धुक्यांतून जाणाऱ्या कप्तानास समोरचें जहाज दिसत नाहीं. तरी तो वेग आवरतो, आपली बाजू सोडीत नाहीं. ज्याचें तोंडही आपण पाहिलें नाहीं अशा परक्याच्या जिवाची काळजी घेणें, हेंच नियम पाळण्याचें खरें स्वरूप होय. दुसरी गोष्ट अधिक कठीण आहे. बुद्धि व विद्या असली म्हणजे मनुष्य सर्व ठिकाणीं योग्य वाटेनेंच जाईल असें नाहीं. वाऱ्याची दिशा ओळखणें निराळें आणि न्यायाची ओळखणें निराळें. पहिली नकाशांत सांपडते. दुसरीकरितां प्रत्येकानें आपला विवेक रात्रंदिवस जागा ठेविला पाहिजे.