जेम्स औट्रम

सर जेम्स औट्रम (जन्म : २९ जानेवारी १८०३, बटर्ली हॉल, डर्बीशायर, इंग्लंड, मृत्यू : ११ मार्च १८६३, पो, फ्रान्स) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यातील अधिकारी व प्रशासक होते. १८२५ ते १८३५ या काळात त्यांनी खानदेशात भिल्ल पलटण उभारली. पुढे सिंध, बडोदे व अवध येथेही त्यांनी काम केले. चाळीसगाव आणि कन्नड यांच्यामधील औट्रम घाटाला त्यांचे नाव आहे. बंडखोरांना शिक्षा द्यावी की माफी, हा प्रश्न त्यांच्या कारकिर्दीत खानदेशापासून लखनौपर्यंत पुन्हा पुन्हा उभा राहिला.

पूर्वायुष्य

औट्रम यांचे वडील बेंजामिन औट्रम हे स्थापत्य अभियंता होते. १८०५ साली त्यांचे निधन झाले आणि कुटुंब हलाखीत सापडले. जेम्स यांचे शिक्षण स्कॉटलंडमध्ये झाले. १८१९ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, ते कंपनीच्या लष्करी सेवेत मुंबईस आले.

खानदेशातील पार्श्वभूमी

१८१८ साली पेशवाईचा शेवट होऊन खानदेश कंपनीच्या ताब्यात आला. होळकर-पेशवे संघर्ष, पेंढाऱ्यांच्या स्वाऱ्या आणि १८०३-०४ चा दुष्काळ यांमुळे प्रांत उजाड झाला होता. भिल्लांकडे पूर्वी गावांच्या व घाटांच्या राखणीचे काम आणि त्याबद्दलचे परंपरागत हक्क होते. ते बुडाल्यावर अनेक नायक आपापल्या टोळ्यांसह सातपुडा व सातमाळ्याच्या डोंगरांत गेले आणि लुटीवर जगू लागले. पेशवाईच्या अखेरच्या काळात सरकारी अधिकाऱ्यांनी भिल्लांना कोपरगाव येथे विश्वासघाताने बोलावून त्यांची कत्तल केली होती. त्यामुळे सरकारने दिलेल्या अभयावर भिल्लांचा विश्वास उरला नव्हता.

पहिले राजकीय एजंट कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी धुळे येथे मुख्य ठाणे केले. घाट अडवणे, रसद तोडणे, पकडलेल्यांना कठोर शिक्षा करणे आणि शरण येणाऱ्यांना तैनात देणे, असे त्यांचे धोरण होते. परंतु एक टोळी मोडली की दुसरी उभी राही.

भिल्ल पलटण

१८२५ साली मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी धोरण बदलले. भिल्लांसाठी तीन एजन्सी स्थापन झाल्या. त्यांतील दक्षिणेकडील एजन्सी कन्नड येथे होती. भिल्लांना शेतीसाठी जमीन, बैल व तगाई देणे, त्यांच्या जुन्या हक्कांची चौकशी करणे आणि मागील गुन्ह्यांना माफी देणे ही एजंटांची कामे होती. भिल्लांचीच पलटण उभारण्याचे काम बावीस वर्षांच्या औट्रम यांच्याकडे आले.

औट्रम यांनी प्रथम टोळ्यांवर छापे घातले. नंतर पकडलेल्या भिल्लांमार्फत त्यांनी नायकांशी बोलणी सुरू केली. ते पहाऱ्याशिवाय डोंगरांत राहत, भिल्लांबरोबर वाघाची शिकार करीत आणि त्यांच्या मेजवान्यांत सामील होत. तरीही सुरुवातीला केवळ पाच जण भरती झाले. कवायतीच्या निमित्ताने एकत्र करून मारून टाकतील, ही भीती मागील अनुभवामुळे खरी वाटत होती. पुढे पलटण वाढली आणि धरणगाव हे तिचे मुख्य ठिकाण झाले. १८३० मध्ये औट्रम यांनी डांग प्रदेशावर मोहीम काढली, तेव्हा ही पलटण त्यांच्यासोबत होती.

शिक्षा, सूड आणि माफी

कायद्याच्या परिभाषेत सूड आणि प्रतिशोधात्मक शिक्षा या भिन्न गोष्टी आहेत. सूड दुखावलेला पक्ष स्वतः घेतो आणि त्याला माप नसते. प्रतिशोधात्मक शिक्षा न्यायाधिकारी देतो. ती गुन्हेगारापुरती आणि गुन्ह्याच्या प्रमाणात असावी लागते. इतरांना धाक बसावा म्हणून दिलेली शिक्षा जरबेची, तर गुन्हेगार पुन्हा समाजात यावा म्हणून केलेली योजना सुधारणेची मानली जाते. माफीमुळे शिक्षा टळते, परंतु गुन्हा घडला हे नाकारले जात नाही.

खानदेशातील १८२५ पूर्वीचा भर जरबेवर होता. त्यानंतर माफी व सुधारणेचा मार्ग आला, तरी तो अटीवर होता. माफी घेणाऱ्यास आपल्याच लोकांविरुद्ध शस्त्र धरावे लागे आणि नकार देणाऱ्यावर पलटण चालून जाई. १८५७-५८ मध्ये खाज्या नाईक यांच्या उठावाविरुद्ध हीच भिल्ल पलटण वापरली गेली. म्हणून या धोरणाकडे केवळ दयाबुद्धी म्हणून पाहता येत नाही.

नंतरची कारकीर्द

१८३५ साली औट्रम यांची गुजरातेत महीकांठा येथे नेमणूक झाली. सिंधमध्ये अमिरांवरील कारवाईवरून त्यांचे सर चार्ल्स नेपियर यांच्याशी तीव्र मतभेद झाले. १८४३ मध्ये सिंध जिंकल्यावर वाट्यास आलेली लुटीची रक्कम त्यांनी स्वतःसाठी न ठेवता धर्मादाय कामांना दिली. पुढे ते सातारा व बडोदे येथे रेसिडेंट होते. बडोद्यातील लाचलुचपतीवरील त्यांच्या अहवालामुळे खटपट हा शब्द इंग्रजी कागदपत्रांत परिचित झाला.

१८५६ मध्ये अवधचे राज्य खालसा झाले, तेव्हा औट्रम लखनौचे रेसिडेंट होते. १८५७ च्या उठावात त्यांनी लखनौच्या लढायांत भाग घेतला. मार्च १८५८ मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड कॅनिंग यांनी सहा जमीनदार वगळून अवधमधील सर्व जमिनींचे हक्क जप्त करण्याचा जाहीरनामा काढला. औट्रम यांनी त्याला हरकत घेतली. सर्वांनाच सारखी शिक्षा झाली तर परत येण्यास कोणालाही कारण उरणार नाही आणि लढा लांबेल, असे त्यांचे मत होते. त्यानंतर जाहीरनाम्यात सौम्य वागणुकीचे आश्वासन देणारा मजकूर जोडण्यात आला.

१८६० मध्ये प्रकृती खालावल्याने औट्रम मायदेशी परतले. त्यांचे दफन लंडनमधील वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत झाले.

मूल्यमापन

इंग्रज लेखकांनी औट्रम यांना उदार योद्धा म्हणून गौरवले. खानदेशाच्या दृष्टीने मात्र चित्र दुहेरी आहे. माफीमुळे अनेक भिल्ल कुटुंबे गावांत परतली आणि सरसकट शिक्षेची साखळी काही काळ तुटली. पण ज्या डोंगरांवरचे व घाटांवरचे हक्क बुडाल्यामुळे संघर्ष सुरू झाला, तेथील सत्ता भिल्लांकडे परत आली नाही.